इंजिन स्वच्छ, रस्ता शिशाचा

फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरात एका पंपावर नवे पेट्रोल विकायला आले. त्यात टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग मिसळले होते. ते घातले की इंजिनाची ठकठक थांबे. शोध जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलींचा. मालाचे नाव ठेवले ‘एथिल’. शिशाचा त्यात उल्लेख नाही!

अडचण एकच होती. जळलेल्या शिशाची पुटे इंजिनात साचत. म्हणून ब्रोमीनचे एक संयुगही घातले गेले, म्हणजे शिसे सूक्ष्म कण होऊन धुराबरोबर बाहेर पडेल. इंजिन साफ राहिले. घाण सायलेन्सरच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांच्या वाट्याला आली.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. बोंबाबोंब झाल्यावर मिजलींनी पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन दाखवले. आदल्या वर्षी शिसे बाधल्यामुळे त्यांना स्वतःलाच काम सोडून विश्रांती घ्यावी लागली होती!

१९२५ मध्ये विक्री थांबली आणि सरकारी समिती बसली. तिने ओहायोत २५२ जण तपासले. त्यांत ड्रायव्हर होते, गॅरेजमधले कामगार होते, पंपावरची माणसेही होती. काही महिन्यांच्या तपासणीत ठळक विषबाधा दिसली नाही, तेव्हा बंदीला पुरेसे कारण नाही असा निर्वाळा १९२६ मध्ये मिळाला. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठते. त्याला काही महिन्यांची मुदत देणे म्हणजे चेष्टाच. पुढेही अभ्यास चालू ठेवावा, असे समितीनेच सुचवले होते. तो मग बराच काळ उद्योगाच्या पैशावर आणि उद्योगाचेच वैद्यकीय सल्लागार असलेल्या रॉबर्ट केहोंच्या हाती राहिला. या मक्तेदारीला धक्का दिला भूरसायनतज्ज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी, १९६५ मध्ये.

भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल आले, ते धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या मोटारींसाठी. शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो ना! चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला जो लाभ झाला, तो ओघाने. देशभर शिसे हटले फेब्रुवारी २००० मध्ये.

मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये संपले. पिस्टन इंजिनाच्या बहुतेक छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये मात्र शिसे अजून आहे, आणि त्यांच्या टाक्या भरणारी माणसेही.