‘फ्युनरल पोटेटोज’ : एका तरुण परंपरेचा इतिहास

परंपरा म्हटली की ती प्राचीनच असणार, असे आपण सहसा गृहीत धरतो. अमेरिकेतील युटा राज्यात रुजलेल्या ‘फ्युनरल पोटेटोज’ या पदार्थाचा इतिहास पाहिला की या गृहीतकाला तडा जातो.

नावाप्रमाणे हे अंत्यविधीचे बटाटे. किसलेले बटाटे, चेडर चीज, सावर क्रीम आणि डबाबंद चिकन सूप एकत्र कालवायचे, वर लोण्यात घोळवलेल्या कॉर्नफ्लेक्सचा थर द्यायचा आणि पसरट भांडे ओव्हनमध्ये ठेवायचे. दफनानंतर मृताच्या आप्तांसाठी मॉर्मन पंथातील स्त्रिया जे जेवण मांडतात, त्यात हा पदार्थ हमखास असतो.

त्याचे वय साहित्यावरूनच कळते. १८४७च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचलेल्या मॉर्मन लोकांनी लगोलग बटाटे लावले होते. कॅम्पबेल कंपनीचे क्रीमयुक्त चिकन सूप मात्र १९४७मध्ये आले; गोठवलेले बटाटे घरोघरी पोहोचले तेही दुसऱ्या महायुद्धानंतरच. म्हणजे आजची रूढ कृती कारखानदारीच्या युगातली आहे.

मग ही परंपरा खोटी मानावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. येथे जुनी आहे ती पाककृती नव्हे, जबाबदारी. १७ मार्च १८४२ रोजी इलिनॉय राज्यातील नॉवू येथे मॉर्मन स्त्रियांची ‘रिलीफ सोसायटी’ स्थापन झाली. एमा स्मिथ तिच्या पहिल्या अध्यक्षा. गरजूंना साहाय्य हे तिचे आरंभापासूनचे काम. मृत्यू पूर्वसूचना देऊन येत नाही. अशा वेळी घरातल्या साठ्यातून होणारा, आदल्या रात्री रचून ठेवता येणारा, झाकून नेता येणारा, लहानथोरांना चालणारा आणि मोठ्या पंगतीला पुरणारा पदार्थ हवा असतो. डबाबंद सूपाने ही जुनी जबाबदारी सोपी केली, एवढेच.

२००२च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये या बटाट्यांच्या चित्राचे संग्राह्य बिल्लेही निघाले. तेव्हापासून युटाची ओळख म्हणून त्यांचे कौतुक होते, तशी थट्टाही होते. थट्टेचा रोख बहुधा डबाबंद चवीवर असतो. ज्या घरी चूल पेटवण्याचे भान कोणालाच नसते, तेथे न बोलावता अन्न पोहोचवणाऱ्या स्त्रियांचे श्रम मात्र थट्टेत आणि कौतुकात सारखेच झाकले जातात. खाद्येतिहासाने चवीची चिकित्सा जरूर करावी; पण रांधणाऱ्या हातांची नोंद त्याआधी घ्यावी, असे आमचे मत आहे.