गंग-हो : माहेरी अनोळखी

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी मुलांना ‘गंग-हो’ हे विशेषण भेटतं तेव्हा ती चक्रावतात. शब्द त्यांच्याच भाषेतला, पण अर्थ ओळखीचा नाही. इंग्रजीत गंग-हो म्हणजे बाह्या सरसावून तयार, जरा जास्तच हिरिरीचा. कौतुकापेक्षा चिमटा काढायलाच तो अधिक वापरतात. ‘साहेब नव्या योजनेबद्दल फारच गंग-हो आहेत’ म्हटलं, की साहेबांचा उत्साह आवरायला हवा, हे ऐकणाऱ्याला कळतं. नकारातही तो शोभतो : ‘मी काही तितका गंग-हो नाही.’

चिनीत मात्र हे एका संस्थेचं आखूड नाव. जपानी आक्रमणात कारखाने बेचिराख झाल्यावर 1938 साली न्यूझीलंडचे रेवी ॲली आणि इतरांनी औद्योगिक सहकारी संस्थांची चळवळ उभारली. लांबलचक नावातली दोन अक्षरं उचलून लोक तिला ‘गोंगह’ म्हणू लागले. पहिलं ‘काम’ या अर्थाचं, दुसरं ‘जुळणं’ या अर्थाचं.

अमेरिकन मरीन अधिकारी इव्हान्स कार्लसन यांनी ते चीनमध्ये ऐकलं, ‘मिळून काम करा’ असा अर्थ लावला आणि 1942 मध्ये आपल्या रेडर तुकडीचं घोषवाक्य केलं. पुढच्याच वर्षी त्या नावाचा हॉलिवूडपट आला आणि शब्द घरोघरी पोचला. सहकार गळाला, उरला तो सैनिकी जोश. ‘यात उत्साह कुठे आहे?’ असं चिनी विद्यार्थ्याने विचारलं, तर मास्तरांना थेट कार्लसनकडेच बोट दाखवावं लागेल.