सोळा सिलिंडरांचा जीर्णोद्धार

लोणावळा म्हटलं की लोकांना चिक्की आठवते, भुशी डॅम आठवतो, पावसाळ्यातली गर्दी आठवते. आम्हा मावळातल्या मंडळींना त्याआधी घाट आठवतो, आणि घाट म्हणजे इंजिनं. या घाटाने कुठल्याच इंजिनाला सुखाने वर येऊ दिलेलं नाही. कितीही मोठं नाव घेऊन आलेलं इंजिन असो, घाट त्याला एकच प्रश्न विचारतो: "बाहेरचं राहू दे, आतून किती मजबूत आहेस?"

पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ साली सुरू झाली, पण खालून वर येणारा बोरघाटाचा मार्ग खुला व्हायला १८६३ उजाडलं. चढ ३७ फुटांना १ फूट, बोगदे २५. एवढा चढ सरळ जमेना म्हणून मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन केलं होतं. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे चढायची. १९२९ मध्ये नवीन मार्ग काढून ही कसरत बंद झाली आणि त्याच सुमारास विजेची इंजिनं आली. आमच्याकडचे जुने लोक ज्याला 'खेकडा' म्हणत, ते लांब नाकाडांचं विजेचं इंजिन याच काळातलं. तरीही कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिनं लागायची ती लागायचीच. आजही लागतात.

पण मला आज लिहायचंय ते डिझेल इंजिनाबद्दल. घाटात वीज असताना डिझेल कशाला, असं कुणी विचारेल. पुण्यापुढे दौंडकडे अनेक वर्षं वीजच नव्हती. त्यामुळे सोलापूर, हैदराबाद, बंगळूरकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या मुंबईपासूनच डिझेल घेऊन निघत आणि ते डिझेल मागच्या विजेच्या बँकरांच्या साथीने घाट चढे. आमचे एक काका पुण्याच्या घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये होते (ते हे वाचतात, म्हणून नाव लिहीत नाही, रागावतील :-) ). त्यांच्याकडून ऐकलेलं आणि नंतर मी वाचलेलं, असं दोन्ही मिळून ही गोष्ट आहे.

अमेरिकेतल्या आल्को कंपनीने १९५० च्या दशकात '२५१' नावाचं इंजिन बनवलं. तिच्या आधीच्या '२४४' इंजिनाने टर्बो आणि क्रँकशाफ्टच्या दुखण्यांनी कंपनीचं नाव खराब केलं होतं, त्यावरचा हा उतारा. १९६२ मध्ये हे इंजिन बसवलेली गाडी भारतात आली, तीच आपली डब्ल्यूडीएम-२. १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं इंजिन बाहेर पडलं. गंमत बघा, १९६९ मध्ये खुद्द आल्कोनेच रेल्वे इंजिनं बनवणं बंद केलं. मूळ मालकाने दुकान आवरलं आणि आपण पुढची कित्येक वर्षं तोच माल बनवत, दुरुस्त करत आणि सुधारत राहिलो.

सोळा सिलिंडर, ९ इंची बोअर, साडेदहा इंची स्ट्रोक. गुणाकार केला तर सुमारे १७५ लिटरचं इंजिन होतं. ताकद २६०० अश्वशक्ती, आणि फेरे मिनिटाला जास्तीत जास्त हजार. टर्बो अर्थातच होता. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा आत जास्त हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, आणि म्हणून जास्त ताकद.

पुढे हीच इंजिनं ३१०० अश्वशक्तीची झाली. १९९४ पासून वाराणसीला नवीन तशी बनू लागली, आणि पतियाळाच्या कारखान्यात जुनी, लाखो किलोमीटर पळालेली इंजिनं पूर्ण खोलून पुन्हा बांधताना त्यांनाही ही ताकद दिली गेली. २६०० वरून ३१०० म्हणजे साधारण १९ टक्के वाढ. बोअर तोच, स्ट्रोक तोच, फेरे किंचितच वाढलेले. मग ही ताकद आली कुठून? मुख्यतः दाबातून. प्रत्येक स्फोट आधीपेक्षा जोराचा. आणि तो धक्का आधी पिस्टनच्या डोक्यावर, मग कनेक्टिंग रॉडवर, बेअरिंगवर, क्रँकवर असा खाली उतरत जाणार.

म्हणून आतलं सामान बदललं. अॅल्युमिनियमच्या पिस्टनला पोलादी टोपी आली, कारण जादा उष्णतेत वरच्या रिंगची खाच झिजते आणि इंजिन तेल खायला लागतं. इंधन पंपाचा प्लंजर १५ मिलिमीटरचा होता तो १७ चा झाला. तेवढंच डिझेल कमी वेळात आत जाऊ लागलं, ज्वलन नीट झालं, इंधन वाचलं. कॅमशाफ्ट जास्त कडक केली. व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी एकदम उघडे राहण्याचा काळ वाढवला, म्हणजे थंड हवा सिलिंडर धुऊन काढेल. टर्बो जास्त कार्यक्षम आला. आणि टर्बोने दाबून गरम केलेली हवा थंड करणारा आफ्टरकूलर मोठा केला. यातली एक वस्तू बदलून उरलेल्या तशाच ठेवल्या असत्या, तर ताकद वाढली असती आणि आयुष्य घटलं असतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरात सध्या चाललेला वाद. घरातली छोटी टर्बो डिझेल गाडी पावणेतीन लाख किलोमीटर पळाली आहे. कुठल्या कंपनीची ते राहू दे, एवढं पळाल्यावर कुठलीही गाडी दमणारच. खंडाळ्याच्या चढावर आता निळसर धूर मारते. भाच्याचं म्हणणं, "मामा, इंजिन खोलायचंच आहे ना? मग फोर्ज्ड पिस्टन टाकू, रॉड टाकू आणि टर्बोचा दाब वाढवू." आमचा तळेगावचा मिस्त्री शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी सांगा, गाडी पळवायचीय की टिकवायचीय?"

मी मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आपल्याकडच्या लोकप्रिय छोट्या टर्बो डिझेलचं उदाहरण घ्या: १२४८ सीसी, ७५ अश्वशक्ती, ४००० फेऱ्यांना. म्हणजे लिटरमागे ६०. आल्कोचे लिटरमागे जेमतेम १५. पण छोटं इंजिन चौपट वेगाने फिरतंय! दर हजार फेऱ्यांचा हिशोब केला तर छोट्याचे १५ आणि जुन्या २६०० वाल्या आल्कोचेही जवळपास १५च. मी दोनदा तपासलं. म्हणजे पावणेदोनशे लिटरचा हत्ती आणि सव्वा लिटरचं हे पोर, दोघांचे पिस्टन सरासरी सारखाच दाब सोसतात. मग आल्कोला दाब वाढवताना जे जे करावं लागलं, ते ते या पोरालाही लागणार. नुसता फोर्ज्ड पिस्टन म्हणजे अर्धंच काम. क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर यांचं काय? बरं, हे १२४८ सीसीचं इंजिन मारुतीने २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यावर बंद केलं. म्हणजे त्याचीही कथा आल्कोसारखीच व्हायची: बनवणारे थांबले, सांभाळणारे उरले.

भाच्याला मी काकांकडे पाठवलं. काकांनी त्याला ताकदीबद्दल चकार शब्द सांगितला नाही, तेलाबद्दल सांगितलं. शेडमध्ये इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तेलात शिसं-तांबं वाढलं तर बेअरिंग झिजतंय. लोखंड वाढलं तर लायनर किंवा रिंगा. अॅल्युमिनियम वाढलं तर पिस्टन. सिलिकॉन दिसला तर हवेच्या फिल्टरमधून धूळ शिरतेय. इंजिन न खोलता आतली बातमी कळते. टर्बोचंही तसंच: इंजिन बंद केल्यावर त्याचा पंखा किती सेकंद फिरत राहतो ते मोजायचं. लवकर थांबला तर बेअरिंग धरतंय. काका म्हणाले, "मजबूत सामान कुणीही विकत आणील रे. ते कधी थकतंय हे कळायला माणूस लागतो."

निकाल असा लागला की लेथवाल्याकडे बोअर होईल, नवीन पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग चांगल्यातले पडतील, टर्बो दुरुस्त होईल, पण दाब कंपनीचाच राहील. भाचा अजून थोडा फुरंगटलेला आहे.

आल्कोच्या कथेचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. रेल्वे इंजिनाचं अर्धं आयुष्य, म्हणजे साधारण १८ वर्षं झाली की ते पूर्ण खोलून बांधतात. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी वाराणसीत पंतप्रधानांच्या हस्ते एक जोड-इंजिन रुळावर आलं, १०,००० अश्वशक्तीचं. दोन जुन्या डिझेल इंजिनांपासून बनवलेलं, पण विजेवर चालणारं. ते सोळा सिलिंडर, तो टर्बो, त्या पोलादी टोप्या, सगळं काढून टाकलेलं. सांगाडा तेवढा जुना.

आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करतात तेव्हा शिखर बदलतं, सभामंडप बदलतो, गाभारा राहतो. इथे गाभाराच गेला. याला जीर्णोद्धार म्हणावं का? काकांना विचारलं तर म्हणाले, "घाट चढतंय ना? मग झालं." त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण तेलाच्या थेंबात शिसं वाचणारी, टर्बोचे सेकंद मोजणारी ती माणसं हळूहळू निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या कानांचा सुटा भाग कुठल्याही कारखान्यात बनत नाही. तो एकाने दुसऱ्याला शिकवावा लागतो, म्हणून हे लिहून ठेवलं.

असो.