चहाडीचे पोर्तुगीज शब्द

पगार, घमेले, लिलाव आणि तुरुंग हे चारही शब्द मराठीला पोर्तुगिजांकडून मिळाले. कामगारांच्या कामात आमचा या चारांशीही संबंध आला. म्हणून त्या भाषेविषयी कुतूहल उत्पन्न झाले आणि रात्री कोश घेऊन बसण्याची खोड जडली. चहाडीच्या बाबतीत मात्र मराठीने पोर्तुगिजांपुढे हात पसरल्याचे दिसत नाही. कुटाळकी, कुचाळकी, कंडी, आवई असे आपले कोठार आधीच भरलेले होते!

त्यांचेही काही रिकामे नव्हते. 'सोआल्येइरो' म्हणजे कोवळे ऊन खात बसण्याची जागा. तिथे बसणारे स्वस्थ कसे बसतील? तेव्हा गावकुटाळकीलाही तेच नाव पडले. आपला पार सावलीचा, त्यांचा उन्हाचा, एवढाच भेद. 'मेशेरिको' म्हणजे चहाडी, 'मेशेर' म्हणजे ढवळणे या क्रियापदावरून. 'कोमाद्रे' ही खरे म्हणजे आपल्या मुलाची धर्ममाता. पण भोचक बाईलाही तेच म्हणतात. पुरुषांच्या कुटाळक्यांचे खापर बायकांच्या माथी फोडण्याची रीत सर्वत्र सारखीच दिसते. अफवेला 'बोआतो' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बैलाची डुरकी.

इथवर गंमत आहे. 'मालसीं' या शब्दाशी आले की गंमत संपते. अर्थ चहाडखोर, खबऱ्या, मूळ हिब्रू. ज्यूंच्या भाषेतून तो पोर्तुगिजांत आला. पुढे 1497 साली पोर्तुगालमधल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले गेले, 1536 साली तिथे इन्क्विझिशन बसले, आणि त्याच ज्यूंच्या वंशजांवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चहाड्यांवरून खटले चालू लागले. शनिवारी धुतलेले कपडे घातले, डुकराचे मांस टाळले, एवढी कुजबूज पुरे होई. चहाडी करणाऱ्याचे नाव आरोपीला सांगत नसत. आपले वैरी कोण, याची यादी त्याने स्वतःच द्यावयाची. साक्षीदार तीत सापडला तर साक्षीचे वजन कमी होई. कोठडीत बसून माणूस आयुष्यातली सारी भांडणे आठवीत असेल. गोव्यात हे न्यायासन 1560 साली आले आणि मधला थोडा खंड सोडता 1812 पर्यंत टिकले.

विसाव्या शतकात सालाझारच्या राजवटीत शब्द बदलला. 'बूफो' म्हणजे मोठे घुबड. गुप्त पोलिसांच्या खबऱ्याला लोक तेच म्हणू लागले. 1933 च्या कामगार कायद्याने स्वतंत्र संघटना मोडल्या आणि संप गुन्हा ठरला. 18 जानेवारी 1934 रोजी मारिन्या ग्रांद या गावी काचकामगारांनी उठाव करून काही तास गाव ताब्यात घेतले. पकडलेल्यांपैकी काहींना 1936 साली केप व्हर्दे बेटांवरच्या ताराफालच्या छावणीत धाडले. अशा राज्यात चहाच्या टेबलाशी कोण बसला आहे हे पाहूनच तोंड उघडावे लागे.

हे वाचताना आम्हांला आमचाच एक संप आठवतो. विसाव्या दिवशी कंडी पिकली, की दुसऱ्या पाळीने आत जाण्याचे ठरवले आहे. दुसऱ्या पाळीत हीच कंडी पहिल्या पाळीविषयी पिकली होती! दोन्ही पाळ्या एकाच सकाळी फाटकाशी आल्या, एकमेकांकडे पाहून खाली माना घालून आत गेल्या. कंडी कोणी सोडली हे कधीच कळले नाही. आम्ही मनात एकावर संशय धरला आणि त्याच्याशी बोलणे टाकले. तो गेल्यावर वाटले, आपणही नाव न सांगता एक खटला चालवला.

पोर्तुगालची ती राजवट 25 एप्रिल 1974 रोजी कोसळली. लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आज इन्क्विझिशनचे खटले आहेत आणि सालाझारच्या गुप्त पोलिसांची कागदपत्रेही आहेत. मालसीं आणि बूफो एकाच छपराखाली आले. गोव्याच्या इन्क्विझिशनचे दप्तर मात्र बहुतेक नष्ट झाले. तिथे कोणी कोणाची चहाडी केली, हे आता शोधू म्हटले तरी सापडावयाचे नाही.