अभ्यासगट (ग्रामसभापूर्व)

ग्रामसभेत निर्णय घेण्याआधी विषय समजून घेण्यासाठी गावकऱ्यांनी आपणहून भरवलेली बैठक. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात ही रीत रुजली. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ तिला लाभली.

अभ्यासगटात ठराव होत नाही, हेच त्याचे मर्म. ज्याला विषयात रस तो येतो. बाहेरचा जाणकार बोलावला तरी त्याने माहिती द्यायची. काय करायचे ते गाव ठरवणार. हार-जीत नसल्याने बावळट वाटणारा प्रश्नही बिनदिक्कत विचारता येतो, आणि चारचौघांत बोलायची भीड इथेच चेपते. मधाचा विषय असाच निघाला. पोळ्याचे, माश्यांचे काय होते यावर खल झाला आणि माश्या न मारता मध काढण्याची पद्धत गावात आली.

निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. यात वेळ जातो, हा आक्षेप खराच. पण 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूच्या वाहतूक परवान्यावरून वनखात्याशी वाद झाला, तेव्हा गावाला कायद्यातले कलम माहीत होते.

इतरत्र चित्र वेगळे. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी कमी ती. तीही न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग ‘मंजूर का?’, ‘मंजूर!’ एवढ्यावर ठराव उरकतात. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. ती मनापासून पाळली तर अभ्यासगटाचे निम्मे काम तिथेच होईल. बहुधा ती सह्यांपुरती उरते.

शहरांसाठी 2009 च्या कायदादुरुस्तीने क्षेत्रसभा आणली : प्रभागातल्या एक वा अधिक मतदान केंद्रांच्या मतदारांची सभा. अंमलबजावणी रेंगाळली. जालन्यात 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिथल्या मस्तगडसारख्या जुन्या वस्तीत घरपट्टीची आकारणी किंवा नळाची पाळी घेऊन अभ्यासगट बसवायचा तर क्षेत्रसभेची वाट पाहण्याचेही कारण नाही. त्याला ना अधिसूचना लागते, ना गणपूर्ती.