शिंपला आणि गोळी

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोंकाशीं, केप टाऊनच्या पूर्वेस पसरलेल्या खडकाळ किनाऱ्यावर, थंड समुद्राच्या तळाशीं एक कवचधारी प्राणी खडकास घट्ट चिकटून राहतो. त्याचें कवच माणसाच्या कानासारखें दिसतें. इंग्रजींत त्याला ‘अबॅलोन’ म्हणतात. केपमध्यें ‘पर्लमून’ हें त्याचें नांव. तो फार सावकाश वाढतो. प्रजोत्पादनास योग्य होण्यासच त्याला सात-आठ वर्षें लागतात. चिनी मेजवानींत त्याचें मांस वैभवाचें लक्षण मानतात. म्हणून वाळविलेल्या मालास हाँगकाँगच्या बाजारांत मोठा भाव येतो. हा निरुपद्रवी जीव मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापारांत नाण्याप्रमाणें कसा चालूं लागला, हा अलीकडच्या इतिहासांतील एक खेदजनक अध्याय आहे.

या अध्यायांतील दुसरी वस्तु म्हणजे ‘मँड्रॅक्स’ची गोळी. तिच्यांतील मुख्य द्रव्य मेथाक्वालोन हें इ. स. १९५१ मध्यें सय्यद हुसेन जहीर व त्यांचे सहकारी यांनीं भारतांत प्रथम तयार केलें. शोध चालला होता हिंवतापावरील औषधाचा. हातीं आलें तें झोंप आणणारें द्रव्य. त्याचें व्यसन जडतें असें आढळल्यावर देशोदेशीं त्यावर बंदी आली. दक्षिण आफ्रिकेंत मात्र गोळीचा चुरा गांजांत मिसळून फुटक्या बाटलीच्या गळ्यांतून धूर ओढण्याची चाल पडली, ती टिकली. तिकडे जाणारा पुष्कळसा माल भारतांतूनच जाई. इ. स. २०१६ मध्यें उदयपुरास सुमारें २३ टन गोळ्या पकडल्या गेल्या, यावरून या धंद्याचीं मुळें किती खोल गेलीं होतीं हें ध्यानांत येतें.

परंतु वस्तूंपेक्षां माणसांची हकीकत अधिक महत्त्वाची आहे. इ. स. १९५० च्या वस्तीविभागणीच्या कायद्यानें मिश्रवर्णीय लोकांस आपलीं घरें सोडावीं लागलीं. इ. स. १९६६ मध्यें केप टाऊनचा ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा गजबजलेला भाग गोऱ्यांसाठीं राखून ठेवण्यांत आला, आणि पुढील वर्षांत तेथील साठ हजारांवर रहिवाशांना हुसकावून वाळूच्या ओसाड ‘केप फ्लॅट्स’वर नेण्यांत आलें. तेथें तरुणांच्या टोळ्या माजल्या. किनाऱ्यावरील मिश्रवर्णीय कोळ्यांची स्थिति याहून बरी नव्हती; मासेमारीचे परवाने मुख्यतः गोऱ्यांच्या कंपन्यांस मिळत. इ. स. १९९४ मध्यें मताचा हक्क सर्वांस मिळाला. समुद्राचा हक्क मात्र अनेकांच्या वांट्यास आलाच नाहीं. मग पाणबुडे रात्रीं समुद्रांत उतरूं लागले. वाडवडिलांच्या समुद्रांतून घेणें ही चोरी कशी, असा त्यांचा सवाल होता.

याच सुमारास हाँगकाँगशीं संबंध असलेल्या चिनी टोळ्यांनीं तेथें पाय रोवले होते. त्यांना शिंपले हवे होते. केपच्या टोळ्यांना मँड्रॅक्स व पुढें ‘टिक’ या जहाल मादक द्रव्यासाठीं लागणारीं रसायनें हवीं होतीं. हीं रसायनें चीनमध्यें स्वस्त, शिंपले केपमध्यें स्वस्त. एकमेकांच्या देशांत दोहोंची किंमत अनेक पटींनीं वाढे. मग रोकड मोजण्याचें कारण काय? माल देऊन माल घेतला, कीं पेढीच्या वहींत नोंद नाहीं आणि पैशाचा मागही नाहीं. कांहीं पाणबुड्यांना मजुरीही मादक द्रव्यांतच मिळूं लागली. म्हणजे समुद्राचें धन गेलें, आणि मोबदल्यांत घरांत व्यसन शिरलें.

इ. स. २००० ते २०१६ या काळांत सुमारें ९ कोटि ६० लक्ष शिंपले चोरून काढले गेले, असा एक अंदाज आहे. इ. स. २००८ मध्यें सरकारनें व्यापारी मासेमारी बंद केली. दोन वर्षांनीं ती पुन्हां सुरू झाली. चोरटा व्यापार या सर्व काळांत चालूच राहिला. ज्या झिंबाब्वेला समुद्रकिनाराच नाहीं, तेथूनही हाँगकाँगला हा माल रवाना होई!

मासेमारीचें खातें शिंपले मोजीत बसतें आणि पोलीस गोळ्या मोजतात. व्यापारी मात्र दोन्ही एकाच तराजूंत तोलतो. जोंवर कायदा या दोहोंकडे एका दृष्टीनें पाहत नाहीं, आणि जोंवर किनाऱ्यावरील कोळ्याला उजेडीं समुद्रांत उतरण्याचा न्याय्य हक्क मिळत नाहीं, तोंवर तो तराजू रिकामा राहणार नाहीं.