जहांगिराच्या आत्मचरित्रांतील उंदराची एक नोंद

जुनीं पत्रें, बखरी व रोजनिशा चाळतांना लढायांच्या व कारस्थानांच्या मजकुराकडे आमचें लक्ष सहज जातें. सांथीविषयींच्या चार ओळी मात्र किरकोळ म्हणून गाळल्या जातात. अशा ओळींची किंमत काय असते, हें एका प्रसिद्ध फारसी ग्रंथावरून दाखवितां येईल.

इ. स. १६१९ च्या सुमारास आग्र्यास गांठीच्या रोगाची सांथ चालू होती. त्या वेळचा एक वृत्तांत जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केला आहे. तो त्यास मरहूम आसफखानाच्या कन्येनें सांगितला. हा आसफखान म्हणजे जाफर बेग. नूरजहानचा भाऊ तो निराळा, व तो तेव्हां हयात होता. ह्या बाईच्या अंगणांत एक उंदीर मद्यप्याप्रमाणें झोकांड्या खाऊं लागला. तिनें दासीकडून त्यास शेपटीस धरवून मांजरापुढें टाकविलें. मांजरानें तो तोंडांत धरून लागलाच सोडला. तें आजारी पडलें, पण चौथ्या दिवशीं सावरलें. पुढें त्या दासीस गांठ येऊन ती मेली. सात-आठ माणसें दगावल्यावर मंडळी घर सोडून बागेंत गेली. आजारी होते ते तेथें वारले, परंतु नव्यानें कोणास गांठ आली नाहीं. आठनऊ दिवसांत सतरा माणसें गेलीं.

वृत्तांत ऐकीव खरा. पण सांगणारी त्याच घरांतली. आधीं उंदीर, मग माणूस, व घर सोडतांच रोगास आळा, हा क्रम तींत स्पष्ट आहे. त्याचें कारण कळण्यास मात्र पावणेतीनशें वर्षें लोटावीं लागलीं. १८९४ मध्यें हाँगकाँग येथें येर्सिन यानें प्लेगचे जंतु शोधले. ते मेलेल्या उंदरांतही त्यास आढळले. तथापि १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखल्यावर, व पुढील वर्षीं पुण्यास रँडच्या अमलांत, सारा रोख माणसें, घरें व सामान यांवरच राहिला. सोजिरांकडून झालेल्या घरझडत्यांचा परिणाम २२ जून १८९७ च्या रात्रीं काय झाला, तें सर्वश्रुत आहे.

१८९८ मध्यें कराचीस सिमाँ यानें प्रयोगानें दाखविलें कीं, रोग उंदरावरील पिसवा वाहतात. त्यावर प्रथम कोणी विश्वास ठेवला नाहीं. १९०५ पासून मुंबईंत प्लेग-संशोधन-मंडळानें सांथीच्या घरांत जनावरांचे पिंजरे ठेवले. उघड्या पिंजऱ्यांतील कित्येकांस प्लेग झाला, बारीक जाळीनें झांकलेले वांचले. तेव्हां संशय फिटला. उंदीर मेला कीं भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात. बागेंत गेलेली मंडळी त्या पिसवांपासूनच दूर झाली होती, असें आतां म्हणतां येतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, दप्तरांत “उंदीर पडले”, “गांव सोडून रानांत राहिले” अशा अर्थाचा मजकूर आढळल्यास तो मिति व स्थळ यांसह जसाच्या तसा उतरून घ्यावा. लिहिणारास कारण ठाऊक नव्हतें, म्हणून त्याची साक्ष खोटी ठरत नाहीं.